स्त्रियांना मताधिकार मिळाला ते साल कोणतं, आणि त्या साली यादीबाहेर कोण राहिलं?

आर्द्रा (धागालेखिका)

लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात एक तक्ता आहे. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला साल. न्यूझीलंड १८९३, ऑस्ट्रेलिया १९०२, फिनलंड १९०६, अमेरिका १९२०, फ्रान्स १९४४, भारत १९५०, स्वित्झर्लंड १९७१. मथळा 'स्त्रियांना मताधिकार मिळाला'. तिने तो पाठ करून मला धडाधड म्हणून दाखवला आणि मग विचारलं, "आई, ब्रिटनच्या पुढे दोन सालं का आहेत? एकदा दिलेला परत द्यावा लागला का?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून गेले पंधरा दिवस वाचते आहे. सापडलं ते इथे लिहिते. शेवटी एक प्रश्न आहे, त्यावर तुमची मतं हवी आहेत.

आधी ब्रिटन. १९१८ च्या कायद्याने मत मिळालं ते तीस वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रियांना, आणि त्यांतही ज्या स्वतः किंवा ज्यांचे नवरे घरजागेच्या अटीत बसत होते त्यांनाच. अशा सुमारे ८४ लाख जणी निघाल्या. पुरुषांना मात्र एकविसाव्या वर्षी, आणि लढाईवर गेलेल्यांना तर एकोणिसाव्या वर्षी. तिशीची अट का? महायुद्धात इतके पुरुष मारले गेले होते की एकविसाची अट लावली असती तर मतदारांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झाली असती. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या ज्या तरुण मुलींचं कौतुक करत करत हा कायदा मंजूर झाला, त्यांतल्या बहुतेकींना त्याने काहीच दिलं नाही. त्यांना १९२८ पर्यंत थांबावं लागलं. तक्त्यातली दोन सालं ती ही.

मग मी प्रत्येक सालाला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं. 'मिळाला' तो कोणाला?

ऑस्ट्रेलिया १९०२. त्याच कायद्याने ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांना, तसंच आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्यांना मतदारयादीतून वगळलं, स्त्री असो की पुरुष. हिंदुस्थानातून तिथे गेलेल्यांना मत मिळायला १९२५ उजाडलं, आणि मूळ रहिवाशांना केंद्रीय निवडणुकीत १९६२. याहून वाईट वाटलं ते पुढे वाचून. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९४ मध्येच आपल्या वसाहतीपुरता स्त्रियांना मताधिकार दिला होता आणि त्यात वंशाची अट नव्हती. पॉइंट मॅक्ले इथल्या मिशन वस्तीतल्या मूळ रहिवासी स्त्रियांनी १८९६ च्या निवडणुकीत मतं टाकली होती. म्हणजे हातात आलेला हक्क देशाच्या नव्या कायद्याने आक्रसून टाकला, आणि तक्त्यात ते साल विजयाचं म्हणून छापलं गेलं.

दक्षिण आफ्रिका १९३०. फक्त गोऱ्या स्त्रियांना. केप प्रांतात काही कृष्णवर्णीय पुरुषांना जुन्या नियमांनी मत होतं. गोऱ्या स्त्रिया यादीत आल्यावर गोऱ्या मतदारांची संख्या एकदम वाढली आणि त्या थोड्या कृष्णवर्णीय मतांचं वजन उतरलं. कृष्णवर्णीय स्त्रियांना मत मिळालं १९९४ मध्ये.

फ्रान्स १९४४. पण फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियातल्या मुस्लिम स्त्रियांना १९५८.

न्यूझीलंडमध्ये मात्र माओरी स्त्रियांनाही त्याच दिवशी मत मिळालं, हे मुद्दाम सांगते. त्या लढ्याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. केट शेपर्ड आणि तिच्या सहकारणींनी १८९३ मध्ये सुमारे ३२,००० सह्या गोळा केल्या. युरोपीय वंशाच्या प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. मुख्य अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून त्याची गुंडाळी झाडूच्या दांड्यावर केली होती. सर जॉन हॉल यांनी ती सभागृहात नेली आणि मधल्या वाटेवरून उलगडत सोडली. कागद संपला तेव्हा दांडा पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटला. वरिष्ठ सभागृहात विधेयक २० विरुद्ध १८ अशा मतांनी निभावलं, १९ सप्टेंबरला सही झाली आणि २८ नोव्हेंबरला स्त्रियांनी मतदान केलं. निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क मात्र १९१९ पर्यंत नव्हता.

आता प्रश्न. थोड्या जणींना मत मिळत असेल तर ते आधी घेऊन टाकावं आणि उरलेल्यांसाठी मागाहून भांडावं, की सगळ्यांसाठीच मागावं आणि तोवर नाही म्हणावं? माझा कल दुसऱ्या बाजूला झुकतो आहे. पण तेव्हा लढणाऱ्यांच्या जागी उभी राहून बघितलं की खात्री डळमळते.

टिपकागद

आर्द्राताई, फार चांगला धागा. वाचनखूण साठवली.

तुमचा प्रश्न अमेरिकेत अगदी याच शब्दांत उभा राहिला होता आणि त्याने चळवळ मधोमध फाटली. स्त्रियांच्या हक्कांसाठी सेनेका फॉल्सला भरलेली सभा १८४८ ची. तिथे बाकीचे ठराव एकमताने झाले, मताधिकाराचा तेवढा झाला नाही. इतकं मागणं अती होईल असं सभेला आलेल्या काही स्त्रियांनाही वाटत होतं. गुलामगिरीतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस उठून त्या ठरावाच्या बाजूने बोलले आणि तो मंजूर झाला.

यादवी युद्ध संपल्यावर चौदावी घटनादुरुस्ती आली (१८६८). तिच्यात मतदारांच्या संदर्भात 'पुरुष' हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा शिरला. पंधरावीत (१८७०) वंश आणि वर्ण यांवरून मत नाकारता येणार नाही असं आलं, लिंगाचा उल्लेख नाही. कृष्णवर्णीय पुरुषांना मिळतंय तर पाठिंबा द्यायचा की स्त्रियांशिवाय नको म्हणायचं? १८६९ मध्ये यावरूनच दोन संघटना झाल्या. एकीत एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुसान अँथनी, दुसरीत ल्यूसी स्टोन. त्या एकत्र यायला १८९० साल लागलं. एकवीस वर्षं.

आणि स्टँटन यांनी त्या रागात कृष्णवर्णीय पुरुषांबद्दल जे लिहिलं-बोललं ते आज वाचवत नाही. मला त्या बाईंबद्दल खूप आदर आहे, म्हणूनच ते जास्त खुपतं.

वाटसरू

आर्द्राताई, माहितीबद्दल आभार, पण तुमच्या कलाशी मी सहमत नाही.

हक्क पायरीपायरीनेच येतात. पुरुषांनाही एकदम कुठे मिळाला होता? ब्रिटनमध्ये १८३२, १८६७, १८८४ असे तीन कायदे होऊनही कितीतरी मजूर यादीबाहेरच होते. १९१८ चं घ्या. तिशीची अट अन्यायाची होती, मान्य. पण ८४ लाख स्त्रिया मतदार झाल्यावर कोणत्याही पक्षाला त्यांच्याकडे पाठ फिरवणं परवडेना, आणि दहाच वर्षांत वय समान झालं. त्या वेळी 'सगळ्यांना नाहीतर कोणालाच नको' असा हट्ट धरला असता तर १९२८ सुद्धा हुकलं असतं. पदरात पडतंय ते घ्यावं आणि त्याच्या बळावर पुढचं मागावं, यात मला गैर दिसत नाही.

मिलिसेंट फॉसेट यांचं उदाहरण बघा. १८६७ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी पार्लमेंटात स्त्रियांच्या मताची दुरुस्ती मांडली, ती ७३ विरुद्ध १९६ ने पडली. एकोणीस वर्षांच्या फॉसेटबाई तेव्हा प्रेक्षक कक्षात बसून ते भाषण ऐकत होत्या. १९२८ मध्ये समान मताधिकार मंजूर होताना त्या पुन्हा तिथे हजर होत्या. एकसष्ट वर्षं त्यांनी अर्ज, सभा, भेटीगाठी हाच मार्ग धरला आणि मिळेल ती पायरी घेतली.

आणि भारताबद्दल म्हणाल तर आपल्याकडे हा लढा झालाच नाही. स्वातंत्र्य आलं, घटना आली, तिच्याबरोबर मत आलं.

आर्द्रा

वाटसरू, तुमचा मुद्दा ब्रिटनला लागू पडतो. पण बघा, तिथे दहा वर्षं थांबावं लागलं त्या मुली कोणाच्या होत्या? मतदार झालेल्यांच्याच लेकी, धाकट्या बहिणी. घरात बोलणारं कुणीतरी होतं. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी स्त्रीला १९०२ ते १९६२ थांबावं लागलं. तिच्यासाठी दार उघडायला आत गेलेल्यांपैकी फार थोड्या परत वळल्या. पायरीपायरीने जाताना खालच्या पायरीवर कोण उरतं यावर किती वर्षं लागणार ते ठरतं, असं मला हे वाचताना वाटत गेलं.

शिवाय एकदम मागून एकदम मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होतं. १९०५ चा सार्वत्रिक संप झाला, त्यात कामगार स्त्री-पुरुष एकत्र होते. पुढच्या वर्षी सगळ्यांना एकदमच मताधिकार मिळाला, उभं राहण्याच्या हक्कासकट. १९०७ च्या पहिल्याच निवडणुकीत २०० पैकी १९ स्त्रिया निवडून आल्या.

भारताबद्दलच्या तुमच्या वाक्यावर मंजिरीने लिहावं असं वाटतं. तिचा अभ्यास आहे.

मंजिरी_के

बोलावलंत, आता मोठा प्रतिसाद सहन करा.

'आपल्याकडे स्त्रियांना मत आयतं मिळालं' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याचा मनापासून त्रास होतो. आयतं मिळालं असं वाटतं कारण आपण मोजायला १९५० पासून सुरुवात करतो. सुरुवात १९१७ ची आहे.

त्या वर्षी मे महिन्यात मद्रासजवळ अड्यारला विमेन्स इंडियन असोसिएशन स्थापन झाली. ॲनी बेझंट, मार्गारेट कझिन्स, डोरोथी जिनराजदास या तिच्यात पुढे होत्या. कझिन्सबाई मूळच्या आयर्लंडच्या, तिकडे मताधिकारासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या. डिसेंबरमध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले तेव्हा सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं. मागणी साधी होती. नव्या सुधारणांत मतदार ठरवताना स्त्रियांनाही 'जनता' म्हणून मोजा. १९१८ मध्ये मुंबईला काँग्रेसचं खास अधिवेशन भरलं, तिथे सरोजिनीबाईंनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला.

तरी मत कोणाला द्यायचं हे ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीने नाही म्हटलं. हिंदुस्थानातला समाज अजून या गोष्टीला तयार नाही, असं कारण. मग १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठान थेट लंडनला गेल्या. पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे म्हणणं मांडलं, सभा घेतल्या, पार्लमेंटच्या सभासदांना भेटल्या. शेवटी १९१९ च्या कायद्याने काय केलं, तर स्त्रियांना मत दिलं नाही आणि नाकारलंही नाही. प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोडून दिलं. लंडनमध्ये एक दार ठोठावायचं होतं, त्याऐवजी आता प्रांताप्रांतातली दारं ठोठवावी लागणार होती, आणि त्या सभागृहांत बसलेले सगळे पुरुष.

त्या ठोठावत गेल्या. मद्रास १९२१. मुंबई इलाखा त्याच वर्षी, जुलैत. मुंबई-पुण्याकडे या मोहिमेत रमाबाई रानडे आघाडीवर होत्या. वय साठीच्या घरात होतं तरी त्या सभा भरवत होत्या. बंगालमध्ये १९२१ मध्ये ठराव पडला. कामिनी राय आणि बंगीय नारी समाजाच्या स्त्रियांनी चार वर्षं पुन्हा जनमत तयार केलं आणि १९२५ मध्ये तो मंजूर करून घेतला. बिहार-ओरिसाचा नंबर १९२९ ला लागला.

आता आर्द्राताईंचा प्रश्न विचारू. मिळाला तो कोणाला? पुरुषांना असलेल्या मालमत्तेच्या आणि कराच्या अटी स्त्रियांनाही लागू. स्वतःच्या नावावर जमीन किंवा घर असलेल्या स्त्रिया त्या काळात असून असून किती असणार? म्हणून यादीत आलेल्या स्त्रिया मूठभर होत्या.

आणि इथे, वाटसरू, तुमचा पायरीपायरीचा वाद आपल्याच देशात झाला. १९३० नंतर नव्या घटनेची चर्चा सुरू झाली. ब्रिटिश बाजूकडून तोडगा आला की मतदार पुरुषाच्या बायकोला, बायको म्हणून मत द्यावं आणि शिवाय स्त्रियांना काही राखीव जागा. गोलमेज परिषदेला गेलेल्या राधाबाई सुब्बरायन यांचं म्हणणं होतं की हे स्वीकारावं. नाहीतर स्त्रिया सभागृहात दिसणारच नाहीत. याउलट अखिल भारतीय महिला परिषद आणि तिच्याबरोबरच्या संघटनांनी सांगितलं की प्रौढ मताधिकार द्या, सगळ्यांना द्या. लग्नाच्या आधारावर मत नको. नवऱ्यामुळे मिळालेलं मत हे नवऱ्याचंच दुसरं मत होईल, आणि ज्यांच्या नवऱ्यांकडे काही नाही त्या पुन्हा बाहेर.

सरकारने त्यांचं ऐकलं नाही. १९३५ च्या कायद्यात बायकोपणाची अट आली, साक्षरतेची आली, राखीव जागाही आल्या. सुमारे साठ लाख स्त्रिया मतदार झाल्या. पाच पुरुषांमागे एक, असं साधारण प्रमाण.

पण 'सगळ्यांना' ही मागणी तोवर पक्की रुजली होती, आणि ती फक्त महिला परिषदेची नव्हती. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे स्त्री-पुरुष दोघांसाठी प्रौढ मताधिकार मागितला होता. त्याच वर्षीच्या नेहरू अहवालात तो आहे, १९३१ च्या कराची ठरावात आहे. घटनेत मताधिकाराची कलमं ३२५ आणि ३२६ इतक्या सहज गेली, कारण त्याच्या मागे तीस-बत्तीस वर्षांचं काम होतं. सहज दिसण्यासाठी कुणीतरी आधी राबलेलं असतं.

वाटसरू

मंजिरी, 'लढा झालाच नाही' हे माझं वाक्य मी मागे घेतो. प्रांताप्रांतात लढावं लागलं हे मला खरंच माहीत नव्हतं.

तरी राधाबाईंची बाजू मला पटते. १९३५ मध्ये राखीव जागा आल्या नसत्या तर १९३७ च्या प्रांतिक सभागृहांत स्त्रिया दिसल्याच नसत्या. आधी आत जाऊन बसणं यालाही किंमत असते.

मंजिरी_के

राधाबाईंना मीही चूक म्हणणार नाही. कमलादेवी चट्टोपाध्याय १९२६ मध्ये मद्रास कायदेमंडळासाठी उभ्या राहिल्या आणि अगदी थोडक्यात हरल्या. पुढच्या वर्षी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी सभागृहात गेल्या त्या नियुक्त होऊन, आणि आत गेल्यावर देवदासी प्रथेविरुद्ध केवढं मोठं काम केलं. आत जाण्याला किंमत होती, अगदी मान्य. फक्त 'आम्हाला बायको म्हणून मत नको' असं म्हणणाऱ्या स्त्रियांत अनेकींना स्वतःला ते सहज मिळालं असतं. चांगल्या घरच्या होत्या, नवरे मतदार होते. आपल्याला मिळत असताना त्यांनी नको म्हटलं, ज्यांना मिळत नव्हतं त्यांच्यासाठी. त्यांचं मागणं त्या वेळी मान्य झालं नाही म्हणून ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

पैलतीर

'चांगल्या घरच्या' यावरून आठवलं, थोडं अवांतर वाटेल पण नाही.

लॉर्ड लिटन आपण शाळेत शिकलेलो आहोत. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा आणणारे व्हाइसरॉय. त्यांची मुलगी कॉन्स्टन्स लिटन इंग्लंडच्या मताधिकार चळवळीत होती. तुरुंगात गेल्यावर तिने अन्न सोडलं, तर हृदय कमजोर म्हणून तिला सोडून दिलं. तिच्याबरोबरच्या गरीब स्त्रियांच्या नाकातोंडात नळ्या घालून जबरदस्तीने अन्न कोंबलं जात होतं. आपल्याला वेगळं वागवतात ते आडनावामुळे, हे तिने ओळखलं. १९१० मध्ये केस कापून, स्वस्तातले कपडे घालून, जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई म्हणून लिव्हरपूलमध्ये तिने स्वतःला अटक करवून घेतली. या वेळी कोणी तिचं हृदय तपासलं नाही. जबरदस्तीने अन्न घातलं, तेही अनेकदा. नंतर तिची तब्येत कायमची खालावली, पक्षाघाताचा झटका आला. १९२३ मध्ये ती गेली. १९२८ तिने पाहिलं नाही.

आणि सोफिया दुलीपसिंग. महाराजा रणजितसिंगांची नात, राहायला हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्याजवळ, राणी व्हिक्टोरियाची मानसकन्या. १८ नोव्हेंबर १९१० ला पार्लमेंटवर गेलेल्या ज्या स्त्रियांना पोलिसांनी तासन् तास मारहाण केली, त्यांच्यात ती पुढच्या फळीत होती. 'मत नाही तर कर नाही' म्हणून कर भरायची नाही. दंड न भरल्यामुळे तिची हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात गेली. मंजिरीताईंनी लिहिलेल्या हेराबाई टाटांची आणि सोफियाची १९११ मध्ये काश्मीरमध्ये गाठ पडली होती. सोफियाच्या अंगावर 'स्त्रियांना मत' असा बिल्ला होता. हेराबाई या कामात ओढल्या गेल्या त्या तिथून. दोन देशांतले लढे मला वेगळेवेगळे वाटायचे, या एका बिल्ल्याने ते जोडले गेले.

निशिगंध२२

मी इथे नवीन आहे. स्वित्झर्लंड १९७१ हे छापण्यातली चूक वाटली होती, ते खरं आहे का? इतका उशीर का?

टिपकागद

निशिगंध, खरं आहे. तिथे घटना बदलायची तर सार्वमत लागतं, आणि सार्वमतात मत फक्त पुरुषांना होतं. म्हणजे स्त्रियांना मत द्यावं का हे पुरुषांना विचारायचं. १९५९ मध्ये विचारलं तेव्हा दोनतृतीयांश पुरुष नाही म्हणाले. ७ फेब्रुवारी १९७१ ला साधारण तेवढेच हो म्हणाले. स्थानिक मतदानासाठी अपेंझेल इनररोडन हा छोटा प्रांत तरी अडून राहिला. १९९० मध्ये तिथल्या पुरुषांनी पुन्हा हात वर करून नकार दिला आणि त्याच वर्षाच्या शेवटी केंद्रीय न्यायालयाला निकाल द्यावा लागला. आर्द्राताईंच्या तक्त्यात १९७१ च्या शेजारी १९९० सुद्धा लिहायला हवं.

अमेरिकेचं १९२० राहिलं होतं, तेही सांगतो. स्त्रियांना मत देणारी घटनादुरुस्ती टेनेसी राज्याच्या सभागृहात एका मतावर अडली होती. चोवीस वर्षांच्या हॅरी बर्नच्या खिशात आईचं पत्र होतं, मताधिकाराच्या बाजूने मत दे असं सांगणारं. त्याने बाजू बदलली आणि घटनादुरुस्ती झाली. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, आणि सांगावी अशीच आहे. पण तिच्या शेजारी दुसरीही सांगावी. मिसिसिपीत शेतमजुरी करणारी कृष्णवर्णीय फॅनी लू हेमर ऑगस्ट १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. चव्वेचाळीस वर्षांची होती. आपल्यासारख्यांना मत देता येतं हे तिला त्याच महिन्यात कळलं होतं. तिला राज्यघटनेतल्या एका कलमाचा अर्थ लिहायला सांगितला आणि नापास केलं. अठरा वर्षं ज्या मळ्यावर काम केलं, तिथून त्याच रात्री तिला बाहेर काढलं. कायद्याने बेचाळीस वर्षांपूर्वीच तिला मत 'मिळालं' होतं. दक्षिणेत ते खरोखर हाताला लागायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

आर्द्रा

हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

म्हणजे साल तपासताना दोन प्रश्न विचारायला हवेत. कायद्याने कोणाला दिलं, आणि यादीत नाव कोणाचं चढलं. भारताच्या १९५० लाही दुसरा प्रश्न विचारायला हवा ना? कलम ३२६ मध्ये तर कोणीच सुटलेलं नाही. तेव्हाच्या अटीप्रमाणे एकविसाव्या वर्षापुढची प्रत्येक स्त्री.

मंजिरी_के

विचारायलाच हवा, आणि त्याचं उत्तर आकड्यात आहे. अठ्ठावीस लाख.

पहिल्या निवडणुकीची मतदारयादी १७ कोटींच्या वर गेली. घटना मंजूर होण्याच्या आधीपासूनच यादीचं काम सुरू झालं होतं. घरोघर जाऊन नावं लिहून घेणाऱ्यांना उत्तरेकडच्या कितीतरी घरांत स्त्रियांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. परक्या माणसाला नाव सांगायचं नाही हा रिवाज. नोंदणाऱ्यांनी तसंच लिहून घेतलं.

मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं की हे चालणार नाही. मतदाराचं स्वतःचं नाव यादीत असलं पाहिजे. नाव मिळवा, नाहीतर नोंद काढून टाका. बिहारला त्यासाठी एक महिना वाढवूनही दिला आणि तिथे त्याचा चांगला उपयोग झाला. राजस्थान, मध्य भारत, उत्तर प्रदेश, विंध्य प्रदेश या भागांत मात्र मोठ्या संख्येने नोंदी गळाल्या. एकूण सुमारे आठ कोटी स्त्रियांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख जणींना पहिल्या निवडणुकीत मत देता आलं नाही.

या निर्णयाबद्दल माझ्या मनात अजून वाद चालू असतो. तीस वर्षं लढून मिळालेलं मत, आणि नाव न सांगितल्यामुळे गेलं. त्या बायकांचा यात काय दोष? दुसरीकडे, 'अमक्याची बायको' अशी नोंद चालवून घेतली असती तर १९३५ चीच अट मागच्या दाराने परत आली असती. महिला परिषदेने जे नको म्हटलं होतं तेच. आज विचाराल तर मी सेन यांच्या बाजूने आहे, पण त्या अठ्ठावीस लाख जणींकडे बघून तसं म्हणताना जड जातं.

वाटसरू

आता मला तुमचा आणि आर्द्राताईंचा मुद्दा नीट कळला. आणि गंमत म्हणजे, सेन यांनी जे केलं त्याला माझ्या भाषेत 'मिळेल ते घेऊ नका' असंच म्हणावं लागेल.

पण पुढे काय झालं तेही इथे असू द्या. १९६२ च्या लोकसभेला पुरुषांचं मतदान ६३ टक्क्यांच्या आसपास होतं आणि स्त्रियांचं ४७ च्या आत. २०१९ ला दोन्ही ६७ टक्क्यांवर आले, स्त्रिया किंचित पुढेच.

शिशिर_पानगळ

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते.

मी शाळेत शिकवते. निवडणुकीच्या कामावर चार वेळा गेले आहे. पहिल्या मतदान अधिकाऱ्याचं काम असतं ओळखपत्र बघून यादीतला अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं, म्हणजे बसलेल्या प्रतिनिधींना ऐकू जातं आणि ते आपल्या यादीत खूण करतात. दिवसभरात हजार-बाराशे नावं वाचून घसा बसतो. ही पद्धत अशी का, याचा मी कधी विचार केला नव्हता.

मागच्या वेळी दुपारी एक आजी आल्या. ओळखपत्र पिशवीत शोधत होत्या, रांग थांबली. मागून एका माणसाने सांगितलं, "मॅडम, लिहा, आमच्या अण्णांची आई आहे ती." आजींनी मागे वळून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून स्वतःचं नाव सांगितलं, पहिलं, मधलं, आडनाव, सावकाश. मग ओळखपत्र सापडलं, ते समोर ठेवलं.

मी नाव वाचलं. तिन्ही प्रतिनिधींनी खूण केली. आजी पुढच्या टेबलाकडे सरकल्या आणि त्यांनी शाईसाठी बोट पुढे केलं.